एस्टर केलं आणि जेल गेलं: १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक ॲसिडचं कोडं

हर्णैची_पोर

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरीत एम.एस्सी. सेंद्रिय रसायनाच्या शेवटच्या वर्षाला आहे. घर हर्णैला, बाबांचा ट्रॉलर आहे. प्रोजेक्टचा विषय आहे लहान रेणूंची जेल. म्हणजे चायनाग्रास किंवा जिलेटीनसारखे लांबलचक पॉलिमर यात नाहीत. रेणुभार तीनशेच्या आसपास असलेले साधे रेणू गरम तेलात विरघळतात आणि थंड होताना सगळं तेल जागच्या जागी धरून ठेवतात.

मी १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक ॲसिड घेतलं. एरंडेलापासून बनतं, स्वस्त आहे, आणि विभागात अर्ध्या किलोचा डबा पडूनच होता. शेंगदाणा तेलात वजनाने २ टक्के घातलं, ८५-९० अंशांवर विरघळवलं, ओट्यावर ठेवलं. वीस मिनिटांत घट्ट. बाटली उलटी केली तर थेंबसुद्धा खाली येईना. इतका आनंद झाला की फोटो काढून आईला पाठवला. आईचं उत्तर आलं, "डालडा झालाय."

मग सर म्हणाले, आता रेणूत बदल करून बघ. मिथेनॉल आणि दोन थेंब सल्फ्युरिक ॲसिड घालून मिथाइल एस्टर केलं. अठरा कार्बनची साखळी तीच, बाराव्या कार्बनवरचा ओएच तोच, फक्त टोक बदललं. २ टक्क्यांना काहीच झालं नाही. ३, ४, ५ पर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तळाला पांढरा रवा बसलेला आणि वर तेल मोकळं.

त्याच एस्टरला ब्यूटिलअमाइनबरोबर तापवून (दोन दिवसांत मिळून सोळा तास, कारण रात्री लॅबला कुलूप असतं) अमाइड केलं. ते ०.८ टक्क्यालाच धरलं! थोडं गढूळ आहे, पण हाताला ॲसिडच्या जेलपेक्षा कडक लागतं.

टोकाला एवढासा बदल करून एवढा फरक का पडावा? सर म्हणतात तक्त्यात एस्टरपुढे "जेल नाही" लिही आणि पुढे चल. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही तेही नीट सांगता येत नाहीये.

---

ग्रीसवाले_काका

पोरी, अगं-तुगं करतोय, वयाचा फायदा घेतो. चिपळूणला असतो. लोट्याच्या एमआयडीसीत अठ्ठावीस वर्षं ग्रीसच्या केटलवर काढली. तुझं ते ॲसिड आमच्याकडे फ्लेक्सच्या गोण्यांतून यायचं. त्यामुळे तुझा प्रश्न वाचून हात शिवशिवले.

आधी आईंचं. त्या फारशा चुकल्या नाहीत. डालड्यातही घन चरबीच्या स्फटिकांनी पातळ तेल धरलेलं असतं. पण तिथे घन भाग भरपूर लागतो. तुझ्या बाटलीत शंभरातले दोन भाग उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना धरून बसलेत. हे जमायला त्या दोन भागांचे लांब, बारीक तंतू व्हावे लागतात. नुसते दाणे झाले तर ते रव्यासारखे तळाला जाणार, म्हणजे तुझं एस्टर.

आता तंतू का होतात ते बघ. आमच्या आजोळी, गुहागरला, आजोबा पडवीत बसून काथ्याचा सुंभ वळायचे. काथ्याची एक काडी वितीएवढी, पण एकीच्या अंगावर दुसरी चढत जाते आणि वीस हात सुंभ तयार होतो. तुझ्या ॲसिडच्या रेणूला पकडायला दोन जागा आहेत. टोकाचा कार्बॉक्सिल (सीओओएच, ज्याच्यामुळे ते ॲसिड आहे तो गट) समोरच्या रेणूच्या कार्बॉक्सिलशी जोडी जमवतो. मधला ओएच शेजाऱ्याच्या ओएचला धरतो, तो त्याच्या शेजाऱ्याच्या, अशी हायड्रोजन बंधांची रांग लागते. ही रांग ज्या दिशेने जाते त्याच दिशेने तंतू वाढतो. एस्टर केलंस तेव्हा टोकाची जोडी तोडलीस. अमाइड केलंस तेव्हा टोकाला एनएच आणि कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध) आले, आणि ते शेजाऱ्याला धरतात तेही रांगेच्याच दिशेने. एका दोरीच्या जागी दोन झाल्या. म्हणून कमी माल लागला.

बदल किती बारीक असू शकतो त्याचं आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. एरंडेलात ८५ ते ९० टक्के रिसिनोलेइक ॲसिड असतं. त्यातही बाराव्या कार्बनवर ओएच आहेच. फरक एवढाच, की नवव्या कार्बनपाशी एक दुहेरी बंध आहे, तोही सिस, म्हणजे साखळीला कोपरासारखा बाक. हे ॲसिड आपल्याकडच्या हवेत पातळच असतं, त्याने जेल कसलं धरायचं! हायड्रोजन घालून तो बंध मोडला की साखळी सरळ होते आणि मिळतं तुझं ॲसिड, जे वितळायला ७५ अंशांच्या वर जावं लागतं. यातली मजेची गोष्ट म्हणजे दुहेरी बंध न मोडता नुसता सिसचा ट्रान्स केला तरी साखळी बरीच सरळ होते. त्याला रिसिनेलायडिक ॲसिड म्हणतात, आणि ते खाद्यतेलाचं जेल करतं. अणू सगळे तेच, बाक तेवढा गेला.

आणि आमचं लिथियम. क्लॅरेन्स अर्ल या अमेरिकन माणसाने १९४२ मध्ये लिथियम ग्रीसची पेटंटं घेतली. तुझ्याच ॲसिडमधला हायड्रोजन काढून लिथियम बसवायचा, की झाला लिथियमचा साबण. कार्बॉक्सिलची जोडी गेली, पण तिच्या जागी लिथियमचे आयन थरच्या थर बांधून ठेवतात. तुझं जेल उन्हात ठेवलेल्या गाडीच्या डिकीत पाणी होईल. लिथियमचं ग्रीस १८०-१९० अंशांपर्यंत थेंब सोडत नाही. आम्ही केटल २०० च्या वर नेऊन साबण पुरता वितळवायचो आणि मग थंड करायचो. सगळी कला त्या थंड करण्यात. एकदा पावसाळ्यात वीज गेली, पाण्याचा पंप बंद, आख्खी बॅच रात्रभर आपोआप निवली. सकाळी बघतो तर ग्रीस दाणेदार आणि वर तेल सुटलेलं. साबण तोच, तेल तेच, तंतू मात्र आखूड आणि जाड झाले होते. साहेबांनी सही माझी घेतली. असो.

एक शेवटचं. बाराव्या कार्बनवरचा ओएच दोन प्रकारे बसू शकतो, डावा आणि उजवा हात जसे एकमेकांचे आरशातले रूप. एरंडाच्या झाडाने तो एकाच हाताचा बनवलेला असतो, आणि हायड्रोजन घालताना त्या कार्बनला धक्का लागत नाही. त्यामुळे सगळे रेणू एकाच बाजूला पीळ देतात आणि तंतू पिळदार होतो. पिळाचा फायदा असा, की तंतू बाजूने जाड होत जात नाही, लांबच वाढतो. आपल्याकडे म्हणतात सुंभ जळला तरी पीळ जात नाही. इथे सुंभ वितळतो तेव्हा पीळही दिसेनासा होतो, पण थंड केला की त्याच बाजूचा पीळ परत, कारण तो एकेका काडीतच भरलेला आहे.

---

पाजपंढरीचा_नाखवा

काका, रसायन काय कळलं नाही, पण ग्रीस कळलं. आमच्या विंचला दिलेलं ग्रीस दोन फेऱ्यांत दुधासारखं पांढरं होऊन वाहून जातं. दुकानदार म्हणतो सगळी ग्रीस सारखीच.

---

ग्रीसवाले_काका

नाखवा, दुकानदाराला एकदा होडीवर न्या. दूध होतंय म्हणजे बहुतेक सोडियमचा साबण आहे. त्याचे तंतू लांब असतात, बोटाने ओढलं तर तार सुटते, दिसायला झकास. पण सोडियमचा साबण पाण्यात मिसळतो, आपला अंगाचा साबण मिसळतो तसाच. खाऱ्या पाण्याच्या जागी कॅल्शियमचं घ्या. त्यातही जुन्या पद्धतीच्या कॅल्शियम ग्रीसच्या बांधणीत थोडं पाणी अडकवलेलं असतं, जास्त तापलं की ते उडतं आणि शंभर अंशांच्या आतच सगळं ढासळतं. डब्यावर १२-हायड्रॉक्सीस्टिअरेट लिहिलेलं कॅल्शियम मिळालं तर उत्तम, त्याला त्या पाण्याची गरज नसते, १४० च्या आसपासपर्यंत टिकतं.

हर्णैची पोर, हेही तुझ्याच तक्त्यात बसतं बघ. ॲसिड एकच, धातू बदलला की वागणूक बदलली.

---

भिंगातून

मूळचा मालगुंडचा, सध्या बाहेरगावी याच विषयात काम करतो. काकांचं बहुतेक सगळं मान्य. सुंभाचं उदाहरण तर मी आता वर्गात चोरणार आहे. पण एस्टरच्या बाबतीत थोडा वाद घालतो.

काका म्हणतात टोकाची जोडी तुटली म्हणून जेल गेलं. पण ओएचची रांग एस्टरमध्येही शाबूत आहे, मग तिच्या जोरावर तंतू का वाढू नये? कारण टोक बदललं की एकच गोष्ट बदलत नाही. रेणू एकमेकांत कसे बसतात ते बदलतं, आणि त्याच वेळी तो तेलात किती विरघळतो तेही बदलतं. ताई, तुमच्या ॲसिडचा वितळणबिंदू ७५ च्या वर, एस्टरचा ५० च्या जवळपास. रत्नागिरीतली लॅब मे महिन्यात ३२ अंशांवर असणार. म्हणजे ॲसिडला तुम्ही त्याच्या वितळणबिंदूच्या चाळीसेक अंश खाली तपासलंत आणि एस्टरला जेमतेम अठरा-वीस. एकाला भर थंडीत पळवलं, दुसऱ्याला वैशाखात, आणि निकाल लावला. एस्टर बर्फात ठेवून, टक्केवारी वाढवून परत बघा. तरीही धरलं नाही तर मग काकांचं म्हणणं पक्कं.

शिवाय "जेल नाही" हे उत्तर तुम्हाला का खटकतंय ते सांगतो. तळाशी रवा बसला, म्हणजे रेणू एकत्र आले होतेच. फक्त आकार वेगळा झाला. जेल न होण्याचे दोन अगदी उलटे रस्ते आहेत. एक, रेणू तेलात सुखाने विरघळून राहतो. दुसरा, तो बाहेर येतो पण सगळ्या बाजूंनी वाढतो आणि स्फटिक होऊन बसतो. जेल या दोघांच्या मधे अडकलेलं असतं. ते बरेचदा स्थिरही नसतं, महिनाभराने बाटलीत आपणहून स्फटिक आलेले मी कितीदा पाहिलेत. तक्त्यात दोन्ही अपयशांना एकच शब्द लिहिलात तर रचनेबद्दलची सगळी माहिती त्या एका शब्दात बुडाली.

म्हणून एक सोपी तुलना करा. साधं स्टिअरिक ॲसिड घ्या. त्यात टोकाचा कार्बॉक्सिल आहे, ओएच नाही. तुमच्या एस्टरच्या बरोबर उलटं. दोन्ही शेजारी ठेवलेत की कोणत्या गटाचं काम काय ते दिसेल. ओएच नुसता असून भागत नाही, त्याची जागाही लागते. तो कार्बॉक्सिलला अगदी लागून, दुसऱ्या कार्बनवर असेल तर त्याच अठरा कार्बनच्या ॲसिडची जेल करण्याची ताकद जाते.

शुद्धता. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. बाजारातल्या १२-हायड्रॉक्सीस्टिअरिक ॲसिडमध्ये साधारण ८५ टक्केच खरा माल असतो, बाकी मुख्यतः स्टिअरिक आणि थोडं पामिटिक. एरंडेलातून आलेला वारसा. तुमच्या एस्टरमध्ये त्यांचीही एस्टर असणार, आणि न बदललेलं ॲसिड किती उरलंय देव जाणे. आयआर (इन्फ्रारेड वर्णपट) काढा. एस्टरचा कार्बोनिल १७४० च्या आसपास दिसेल, ॲसिडचा १७०० च्या. तिथे खांदा, म्हणजे मोठ्या शिखराला चिकटून छोटा उंचवटा, दिसला तर बायकार्बोनेटने धुऊन पुन्हा स्फटिक काढा.

पिळाची परीक्षाही तुमच्याच लॅबमध्ये होण्यासारखी आहे. ओएचचं ऑक्सिडेशन करून कीटोन करा आणि सोडियम बोरोहायड्राइडने परत ओएच करा. आता दोन्ही हातांचे रेणू निम्मे निम्मे. हे मिश्रण खनिज तेलात धरतं, पण जवळपास दुप्पट लागतं, आणि पिळदार तंतूंऐवजी चपट्या पापड्या होतात. काकांच्या पडवीत दोन माणसं एकच सुंभ उलट्यासुलट्या दिशेने वळायला बसली तर काय होईल, तसंच.

फोटोंबद्दल सावध. जेल वाळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातलं की सुरेख तंतू दिसतात, पण त्यातले कित्येक वाळताना एकमेकांना चिकटून जाड झालेले असतात. तुमच्याकडे ध्रुवित प्रकाशाचा साधा सूक्ष्मदर्शक असेल तर गरम थेंब काचपट्टीवर घ्या, वर कव्हरस्लिप ठेवा आणि थंड होताना डोळ्यांनी बघा. खर्च शून्य, आणि दृश्य असं की जेवण विसराल.

जाता जाता, जेल करणारा असाच आणखी एक लहान रेणू. सॉर्बिटॉल आणि बेंझाल्डिहाइडपासून होणारं डायबेंझिलिडीन सॉर्बिटॉल १८९१ मध्ये म्यूनिए यांनी प्रथम बनवलं. त्याच्या दोन्ही बेंझिन कड्यांवर दोन-दोन मिथाइल गट लावलेलं रूप आज पॉलिप्रॉपिलीनचे डबे पारदर्शक करायला घालतात. त्याच सांगाड्यावर मिथाइलऐवजी हायड्राझाइड नावाचा गट लावला तर ते चक्क पाण्याचं जेल करतं. टोकाच्या गटावर किती अवलंबून असतं ते यावरून बघा. आणि तुमच्या बाबांच्या बंदराशी संबंध जोडायचा असेल तर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं २००१ चं संतनु भट्टाचार्य यांचं काम वाचा. लॉरिक ॲसिड आणि ॲलानिन जोडून केलेला रेणू पाणी-तेलाच्या मिश्रणातलं फक्त तेल गोठवतो, पाणी तसंच राहतं. बंदरातल्या पाण्यावर सांडलेलं तेल डोळ्यांपुढे आणा. लॉरिक ॲसिड म्हणजे आपल्या खोबरेलातला जवळपास निम्मा भाग.

---

ग्रीसवाले_काका

वैशाखाचं मान्य. केटलवर आम्ही तापमान सोडून दुसरं काही बघायचो नाही आणि इथे तेच विसरलो. एक सूचना. खोबरेल नाव निघालंय म्हणून कोणी त्यात जेल करायला जाऊ नका. डिसेंबरात ते स्वतःच बाटलीत गोठतं. जेल कोणाचं आणि गोठणं कोणाचं, भांडण लागेल.

---

हर्णैची_पोर

काका, ही सूचना दोन दिवस आधी हवी होती. खोबरेल नाही, पण तीच चूक मी शेंगदाणा तेलात केली!

सांगते सगळं. मिरकरवाड्यातून मासळीच्या खोक्यातला बर्फाचा चुरा आणला, मैत्रिणीच्या स्कूटीवरून. लॅबला दिवसभर बांगड्याचा वास. एस्टर ८ टक्के घेऊन बर्फात ठेवलं, तासाभराने बाटली उलटी केली तर जागचं हललं नाही. मी नाचायचीच बाकी होते. मग सहज शेजारची नुसत्या तेलाची बाटली उलटी केली. तीही जवळजवळ तशीच. शेंगदाणा तेल बर्फात आपलं आपणच दाट होतं.

म्हणून सगळं लिक्विड पॅराफिनमध्ये (शुद्ध खनिज तेल) परत केलं. बर्फात नुसतं पॅराफिन वाहतं, बघून घेतलं. एस्टर ८ टक्क्यांना बाटली उलटी केल्यावर चिकटून राहतं, पण स्पॅच्युलाने जरा दाबलं की तेल सुटतं आणि मधे ओला रवा उरतो. ॲसिड आणि अमाइड दाबले तर तडकतात, तेल सोडत नाहीत. म्हणजे नुसत्या उलट्या बाटलीवर विश्वास ठेवला असता तर तिन्हीपुढे "जेल" लिहून मोकळी झाले असते.

आयआरमध्ये १७०० ला खांदा होताच. धुतलं, दोनदा स्फटिक काढले. शुद्ध एस्टरचे दाणे आधीपेक्षा मोठे आले. उरलेल्या ॲसिडमुळे ते बारीक राहत होते की काय? स्टिअरिक ॲसिड २ टक्क्यांना मुळीच धरलं नाही, चपट्या चकचकीत पापड्या तेलात तरंगत होत्या, हलवलं की चांदीच्या वर्खासारख्या चमकायच्या.

आणि सूक्ष्मदर्शक. विभागात जुना ध्रुवित प्रकाशाचा आहे, भूगर्भशास्त्रवाले वापरायचे. एस्टरचे जाड तुकडे इथे-तिथे उगवले आणि थांबले. अमाइडच्या वेळी काळोखात एका ठिपक्यातून उजळ दोरे सगळ्या बाजूंना पळत सुटले आणि अर्ध्या मिनिटात सगळं क्षेत्र भरलं. सरांना बोलावून आणलं. ते दोन स्लाइड गप्प राहून बघत होते, मग म्हणाले, तक्त्यात "आकार" असा एक रकाना वाढव.

पुढच्या आठवड्यात कीटोन करून परत ओएच करायचंय. एकच अडचण. आमच्या बोरोहायड्राइडच्या बाटलीत ढेकूळ झालंय, मागच्या पावसाळ्यात झाकण सैल राहिलं होतं म्हणे. फोडून वापरलं तर चालेल का?

---

भिंगातून

फोडू नका, बाटली बाजूला ठेवा आणि नवं मागवा. दमट हवेत त्याचा बराच भाग मरून गेलेला असतो आणि हायड्रोजन सुटत राहतो, बंद बाटलीत तो साठलेलाही असू शकतो. तुम्ही हिशेबाने घालाल, कीटोन अर्धाच बदलेल, आणि मग जेल कमजोर आलं ते पिळामुळे की उरलेल्या कीटोनमुळे, हे तुम्हालाही सांगता येणार नाही.

आणि हो, एस्टरचे दाणे शुद्ध केल्यावर मोठे झाले त्याबद्दल: शुद्ध एस्टरमध्ये मोजून १, २, ५ टक्के ॲसिड परत घालून बघा. मला वाटतं तुमच्या प्रोजेक्टमधला सगळ्यात चांगला धडा तोच निघेल.

---

हर्णैची_पोर

नवं मागवायला सांगितलंय, तीन आठवडे लागतील. तोपर्यंत ॲसिड परत घालायचं काम सुरू करते. बर्फ आता आईस्क्रीमवाल्याकडून आणणार.